शेवटी इंजिन ठरलं, पण नाक लांबलं

मागच्या नोंदीनंतर घरी बांधत असलेल्या माझ्या विमानाच्या सांगाड्याला फारसा हात लागलेला नाही. सात आठवडे इंजिनात गेले, आणि इंजिन अजून दारातही आलेलं नाही. वही मात्र भरली.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: शेजारी-शेजारी दोन आसनं, वर जाड पंख, शेपटीखाली चाक, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा. ड्रॉइंग जुनी आहेत आणि त्यांत काँटिनेंटल ओ-200 इंजिन धरलंय. 100 अश्वशक्ती, 2750 आरपीएम (मिनिटाला फेरे), प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर. तेच बसवलं असतं तर ही नोंद चार ओळींत संपली असती.

पण मी तक्ता केला. एका रकान्यात अश्वशक्ती, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात भागाकार. रोटॅक्स 912 यूएलएस सगळ्यांच्या पुढे गेलं: 100 अश्वशक्ती आणि गिअरबॉक्ससह 57 किलोच्या आसपास. दोन दिवस हवेत होतो. मग पुस्तिका नीट वाचली. त्या 57 किलोंत एक्झॉस्ट नाही, रेडिएटर नाही, कूलंट नाही, तेल नाही, होजपाइप नाहीत. हे सगळं मिळवून माझा आकडा 78 वर गेला. हवेवर थंड होणारं जॅबिरू 2200 बरंचसं तयार अवस्थेत 63 किलोंच्या आसपास असतं आणि 85 अश्वशक्ती देतं, म्हणजे तिसऱ्या रकान्यात दोघं बरोबरीला आली. कोरड्या वजनावर कोणी भुलू नका.

टू-स्ट्रोकवर एकच संध्याकाळ घालवली. रोटॅक्स 582 हलकं आहे, 65 अश्वशक्ती आहे, पण 300 तासांनी पूर्ण ओव्हरहॉल आणि पेट्रोलची तहान मोठी. शिवाय दोन माणसांचं विमान आहे. सोडलं.

मोटारीच्या इंजिनाने मात्र मोह घातला. त्यात घरी विमान बांधणाऱ्यांची परंपराही आहे. राइट बंधूंना हवं तसं हलकं इंजिन कोणी देईना, तेव्हा त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलरने त्यांच्या सायकलच्या दुकानात साधारण सहा आठवड्यांत 12 अश्वशक्तीचं इंजिन घडवलं. अमेरिकेत घरीच विमानं बांधणाऱ्या पिटनपोलने आपल्या विमानाला फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावलं, पुढे शेव्हर्ले कोर्व्हेरचंही. फोक्सवॅगनचं 2180 सीसी पर्यंत वाढवलेलं इंजिन आजही कितीतरी जण उडवतात. अडचण अशी की रस्त्यावर मोटारीचं इंजिन पूर्ण ताकदीने क्वचितच चालतं. विमानात टेकऑफला पूर्ण थ्रॉटल आणि नंतर तासन्‌तास 75 टक्के. त्यात पट्टा किंवा गिअर घालून आरपीएम उतरवायचे म्हटलं की टॉर्शनल कंपनं (दांड्याला पीळ देणारी) आली, आणि ती कुठल्या आरपीएमला डोकं वर काढतील हे कागदावर सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही. मला विमान बांधायचंय.

जॅबिरूपाशी मी सर्वात जास्त रेंगाळलो. साधं, हलकं, गिअरबॉक्स नाही. निर्णय अखेर प्रोपेलरने केला. जॅबिरू 3300 आरपीएमला पूर्ण ताकद देतं आणि प्रोपेलरही तितक्याच वेगाने फिरतो. त्यावर 1.75 मीटरचा प्रोपेलर लावला तर टोकाचा वेग सेकंदाला 302 मीटर होतो. ध्वनीचा वेग 340 च्या आसपास. इतक्या जवळ गेलं की कार्यक्षमता घसरते आणि गोंगाट वाढतो, म्हणून प्रोपेलर छोटा घ्यावा लागतो. सडपातळ, वेगवान विमानाला ते चालतं. माझं यान म्हणजे उडता तंबू. जाड पंख, उघडे स्ट्रट (पंखांचे तिरके टेकू), कमी वेग. अशा विमानाला भरपूर हवा सावकाश मागे ढकलणारा मोठा प्रोपेलर लागतो. रोटॅक्सचं क्रँक 5800 ला फिरतं, पण 2.43 च्या गिअरबॉक्समधून प्रोपेलर 2387 वर येतो. तोच 1.75 मीटर, टोकाचा वेग 219. इथे वाद संपला.

इथून खरं काम सुरू झालं.

ओ-200 तेल-एक्झॉस्टसकट 98 किलो धरलं होतं, विमानाला हव्या त्या गुरुत्वमध्याच्या 120 सेंमी पुढे. मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, 11,760. रोटॅक्सच्या 78 किलोंनी तेवढाच मोमेंट द्यायचा तर ते 151 सेंमी पुढे हवं. म्हणजे नाक 31 सेंमी लांब! 20 किलो वाचले म्हणून खूश झालो होतो, ते शेपटीने वसूल केले. (जॅबिरू घेतलं असतं तर नाक याहून लांबलं असतं.)

मग सात किलोंची बॅटरी आसनांमागून उचलून फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर आणली. ती 170 सेंमी सरकली, 1,190 चा मोमेंट मिळाला आणि 31 चे साडेपंधरा सेंमी राहिले. बॅटरीने अर्धं काम केलं.

कागदावर विश्वास नव्हता. प्लायवूडचं खोकं केलं, पाण्याचे कॅन भरून 78 किलो केले, ठरल्या जागी टांगलं. पंख चढवले, तिन्ही चाकांखाली काटे ठेवले. एकूण 330 किलो. गुरुत्वमध्य हिशेबापेक्षा 8 मिमी मागे निघाला. शेपटीवर डोपचे (कापड ताणणाऱ्या रोगणाचे) दोन थर जास्त बसलेत, माझाच उत्साह. त्या 8 मिमीपायी इंजिन आणखी साडेतीन सेंमी पुढे न्यावं लागतंय. एकूण 19.

लांब नाकामुळे बाजूने दिसणारं पुढचं क्षेत्रफळ वाढलं, वाऱ्यात नाक भटकायला जागा मिळाली. उभ्या शेपटीचं क्षेत्रफळ वाढवायचं की आधी उडवून बघायचं, यावर अजून ठाम नाही. झुकतं माप वाढवण्याकडे आहे, कारण नंतर ते काम आणखी किचकट होईल.

इंजेक्शनवालं 912 आयएस 2012 पासून आहे, पेट्रोल कमी पितं. वजन थोडं जास्त, जे माझ्या नाकाला सोयीचंच झालं असतं. तरी कार्ब्युरेटरवालं घेतोय. त्याची दुहेरी इग्निशन बॅटरी मेली तरी चालते. बदल्यात दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवत बसायचे. चालेल.

एक गोष्ट फुकट मिळाली. गिअरबॉक्स असूनही रोटॅक्सचा प्रोपेलर काँटिनेंटलच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे ड्रॉइंगमधला माउंटचा (इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या चौकटीचा) तिरपेपणा तसाच ठेवलाय.

माउंटच्या चार नळ्या कापून झाल्या, जिगवर (नळ्या जागी धरणाऱ्या साच्यावर) टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्ड मारलेत. 19 सेंमी लांबीला आडव्या ताणासाठी दोन तिरप्या नळ्या जास्तीच्या घातल्या. पूर्ण वेल्ड करण्याआधी खोकं पुन्हा टांगून वजन करणार आहे, या वेळी कॅन गळत नाहीत ना ते बघून.