आधी गार, मग गरम

कपड्यावर काही सांडलं की माझा हात आधी पोचतो आणि डोकं मागून येतं. म्हणजे पहिल्या तीन सेकंदांत मी रुमाल ओला करून तो डाग खसाखसा घासायला लागलेलो असतो, आणि जो डाग नखाएवढा होता तो तळहाताएवढा करून ठेवतो, फिकट, पसरट आणि आता कायमचा. आई आतून ओरडते, "अरे पुसू नकोस, टीप!" हे मी लहानपणापासून ऐकतोय, पण पुसणं आणि टिपणं यात फरक आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. टिपायचं म्हणजे कोरडं फडकं डागावर ठेवून नुसतं दाबायचं, उचलायचं, फडक्याची दुसरी कोरडी बाजू घेऊन परत दाबायचं, आणि तेही कडेकडून मध्याकडे. घासलं की धागे फुलतात आणि जे वरवर होतं ते आत जाऊन बसतं. एवढंच आहे ते. पण त्यासाठी दोन मिनिटं हात आवरावा लागतो, आणि माझं घोडं तिथेच पेंड खातं.

दुसरा माझा ठाम गैरसमज म्हणजे गरम पाणी. जितकं गरम तितकं स्वच्छ, असं मला वाटायचं. मग एकदा दाढी करताना कापलं आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर रक्ताचे दोन थेंब पडले. ताजे, लालभडक, नळाखाली धरले असते तर गेले असते. मी काय केलं, तर हुशारी करून कडकडीत पाणी ओतलं. डोळ्यांदेखत तो लाल रंग तपकिरी झाला आणि जो बसला तो बसला. अंडं उकळत्या पाण्यात टाकल्यावर जे होतं तेच इथे झालं, रक्तातलं प्रोटीन उष्णतेने घट्ट झालं आणि कापसाच्या धाग्याला धरून राहिलं. रक्त, दूध, अंडं, घाम, या सगळ्यांना आधी गार पाणी. मग मी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बघितलं, रक्ताला लागलं की ते फसफसतं, कारण रक्तातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचा ऑक्सिजन मोकळा करतं, बघायला फार मजा येते. पण उकडलेल्या डागापुढे त्याचंही फारसं चाललं नाही. (रंगीत कपड्यावर हे आधी आतल्या शिवणीवर लावून बघा, नाहीतर डागाच्या जागी पांढरा गोल मिळेल.) तो शर्ट आता घरात घालायचा झालाय.

मग मला नादच लागला. डाग म्हणजे एकच गोष्ट नाही हे लक्षात यायला लागलं, प्रत्येकाची जात वेगळी. तेलकट डागावर पाणी आधी ओतायचंच नाही, कोरड्या कपड्यावरच भांडी घासायचं लिक्विड चोळायचं, कारण साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, तेव्हा आधी त्याला तेल धरू द्यावं आणि मग पाण्याने ओढून न्यावं. बॉलपेनच्या शाईला अल्कोहोल चालतं, खाली जुनं फडकं ठेवून वरून सॅनिटायझरने टिपत राहिलं की शाई खालच्या फडक्यात उतरते. जेल पेनच्या बाबतीत मात्र मी हात टेकलेत. हळद ही तर निव्वळ नाटकी, साबण लागला की लालभडक होते आणि माणूस घाबरतो की आपण काहीतरी भयंकर केलं, पण ते फक्त साबणाच्या क्षारामुळे झालेलं असतं, नीट खळबळून उन्हात टाकलं की रंग उडत जातो. आणि काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात, घाम आणि डिओमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांचे मिळून असतात, त्यावर क्लोरीनवालं ब्लीच घातलं तर ते आणखी पिवळे होतात. मी घातलंय. झालेत.

एन्झाइमवाल्या पावडरी मला नवीन काहीतरी वाटायच्या, जाहिरातीतल्या शब्दासारख्या. पण ऑटो रोम नावाच्या जर्मन केमिस्टने १९१३ सालीच प्राण्यांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम्स कपडे धुवायला वापरायची शक्कल काढली होती. म्हणजे आपलं पोट जे अन्नाचं करतं तेच बादलीत डागाचं करायचं, कल्पना अगदी सरळ. फक्त रेशीम आणि लोकर हेही प्रोटीनच, आणि प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमला डाग कुठे संपतो आणि स्वेटर कुठे सुरू होतो हे कळत नाही, त्यामुळे ते कपडे त्या पावडरीत भिजत ठेवून विसरून जाऊ नये.

आणि तो सोडा-व्हिनेगरचा प्रकार. दोन्ही एकत्र ओतले की फेस येतो, फेस आला की आपल्याला वाटतं काम चाललंय. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बादलीत उरतं जवळजवळ खारट पाणी. सुटे सुटे वापरले तर दोघेही कामाचे आहेत. मला हा फेस आवडतो हे कबूल करतो, पण त्याने काही निघत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर मात्र चुकूनही घालू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनियावालं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइन, बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं.

तर हे सगळं मी शिकत होतो, कॉलरी चमकवत होतो, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या ओळीने सात-आठ शिंका देत होतो. आई म्हणायची हवा बदललीये. वर्षभर हवा बदलतच होती. शेवटी डॉक्टरांकडे गेलो, वाटलं होतं की ते धूळ, प्रदूषण वगैरे म्हणतील, तर त्यांनी विचारलं, "उशी किती जुनी आहे?" मला सांगताच येईना. शर्ट कधी घेतला ते आठवतं, उशीचं कोण लक्षात ठेवतं? अभ्रे बदलायचो की आम्ही, अगदी पांढरेशुभ्र. पण पांढरं दिसणं ही पण एक गंमतच आहे, पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते कापडावर बसून राहतात, अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून पिवळेपणा झाकला जातो. आजीच्या काळची नीळ जे करायची तेच, जरा वेगळ्या वाटेने. डोळ्याची समजूत निघते, नाकाची निघत नाही.

उशीत असतात ते धुळीतले माइट्स. तीनदशांश मिलीमीटरच्या आसपास, कोळ्याच्या लांबच्या नात्यातले, आपल्या त्वचेचा जो कोंडा गळतो तो खाऊन राहणारे. चावत नाहीत, अंगावर येत नाहीत, बिचारे आपले आपण जेवत असतात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. घरच्या धुळीची ॲलर्जी म्हणजे मुख्यतः या माइट्सची, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनला व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी दाखवून दिलं, तोवर लोक नुसतं 'धूळ' म्हणून सोडून देत होते. आणि त्या विष्ठेतलं जे मुख्य प्रोटीन आपल्याला शिंकायला लावतं ते काय असावं, तर माइटच्या पोटातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम! म्हणजे बादलीत मी ज्या जातीच्या एन्झाइमचं कौतुक करत होतो त्याच जातीचं एक रात्रभर माझ्या नाकात काम करत होतं.

यांना गार पाण्याचं काही वाटत नाही. गार पाण्याने विष्ठेतलं प्रोटीन बरंचसं विरघळून निघतं, तेवढा फायदा आहे, पण माइट्स स्वतः धाग्याला धरून बसतात आणि पुष्कळसे वाचतात. मारायचे तर ६० अंश. जे ६० अंशांत धुता येत नाही, उदाहरणार्थ भाचीचं कापसाचं अस्वल, ते पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तू वेडा झालायस का, तिचं अस्वल बर्फात?" पण थंडीने ते मरतात, फक्त त्यांची घाण तिथेच राहते, म्हणून नंतर धुवायला लागतंच. आणि माइट्स पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात, म्हणून खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते हळूहळू सुकतात. उठल्या उठल्या पांघरुणाची व्यवस्थित घडी घालणं म्हणजे रात्रीचा घाम त्यांच्यासाठी जपून ठेवणं, हे समजल्यापासून माझ्या आळसाला शास्त्रीय आधार मिळालाय. खोलीतच चादर झटकणं मात्र बंद केलंय, त्याने सगळं हवेत जातं आणि आपण खाली उभे.

पावडरही निम्मी केली. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ हा आणखी एक समज, ती नीट निघाली नाही तर तीच अंगाला खाजते. आता एकदा जास्त खळबळतो.

मागच्या आठवड्यात मात्र पंचाईत झाली. शिंकून शिंकून रात्री नाकातून थोडं रक्त आलं आणि सकाळी अभ्र्यावर रुपयाएवढा डाग. मी अभ्रा घेऊन मशीनपुढे उभा. रक्त म्हणतंय गार, माइट म्हणतोय ६०, आणि अभ्र्याच्या लेबलवर टबच्या चित्रात दोन टिंबं, म्हणजे जास्तीत जास्त ४०. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. आधी अर्धा तास गार पाण्यात ठेवला, पाणी दोनदा बदललं, डाग पूर्ण गेलाय हे खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, आणि मग लेबलकडे दुर्लक्ष करून ६० चं बटन दाबलं.

डाग गेला. माइट्स गेले असावेत, शिंका दोनवर आल्यात. अभ्रा मात्र असा आटलाय की उशी आत घालताना गुडघा लावावा लागतो, आणि आई दारात उभी राहून म्हणते, "लेबल कशाला असतं रे मग?"