ती कालवंच होती

सिनेमागृहात दिवे मालवले आणि पडद्याच्या माथ्यावर एक पांढरी रेघ उमटली. मग बऱ्याच वेळाने दुसरी. शीर्षकाची पाच अक्षरं पुरी व्हायला इतका वेळ लागला की शेजारी बसलेल्या लेकीचा पॉपकॉर्न चावायचा आवाज थांबला. मला मात्र राहून राहून वाटत होतं, आता कुणीतरी उठून टीव्हीच्या टाळक्यात चापट मारणार.

कारण रिडली स्कॉटचा 'एलियन', अंतराळयानात शिरलेल्या परग्रहावरच्या राक्षसाचा सिनेमा, मी पहिल्यांदा पाहिला तो 1986च्या मे महिन्यात, मालवणला, आत्याच्या माजघरात. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणल्या होत्या. दोन हिंदी, मोठ्यांसाठी. तिसरी इंग्रजी, मोठी माणसं झोपल्यावर. रात्री दीडच्या सुमारास ती आत सरकवली तेव्हा आम्ही सहा पोरं एका चादरीत होतो, आणि चादरीबाहेर, व्हीसीआरशेजारी, आतेभाऊ बाळूदादा. इंग्रजीत दोनदा नापास झालेला असला तरी आमच्यात वयाने तोच मोठा, त्यामुळे भाषांतराचं काम ओघानेच त्याच्याकडे आलं.

सुरुवातीला तर भाषांतराला काही नव्हतंच. हा सिनेमा सुरू होतो तो रिकाम्या यानातून. ओसाड बोळ, मेजावर माना डोलवणारे दोन खेळण्यातले पक्षी, कोपऱ्यात आपोआप जागा होणारा कॉम्प्युटर. माणसं अजून झोपलेली. बाळूदादाला वाटलं कॅसेटचा आवाज गेला. त्याने ट्रॅकिंगचं बटण पिळलं, हेडवर कोरी नोट फिरवली, टीव्हीला दोन चापट्या दिल्या. शेवटी यानातली माणसं उठून जेवायला बसली आणि बोलू लागली, तेव्हा त्याला आपण यंत्र दुरुस्त केल्याचं समाधान मिळालं.

26 एप्रिल 2024ला न्यू जर्सीत हा सिनेमा पुन्हा मोठ्या पडद्यावर आला. प्रदर्शनाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून. मधल्या काळात मी तो कॉम्प्युटरवर दोन-तीनदा पाहिला होता, तरी ती सुरुवातीची शांतता मला ठाऊकच नव्हती. ती शांतता नाहीच मुळी. यंत्रांची घरघर आहे, हवेचा सुस्कारा आहे, कुठेतरी काहीतरी टिकटिकतंय. खुर्चीच्या पाठीतून ते अंगात येतं.

चित्राचंही तेच. पडद्याची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त, आणि आमच्या टीव्हीची सव्वा पटीहून जराशीच जास्त. त्या काळी कॅसेट भरतानाच बाजूचं चाळीसेक टक्के चित्र छाटून टाकत. उरलेलं कॉपीवरून कॉपी होत मालवणला पोहोचेपर्यंत काळ्यावर काळं झालेलं. ब्रेट नावाचा मेकॅनिक मांजर शोधत एका उंच दालनात जातो, तो प्रसंग आम्ही निव्वळ बाळूदादाच्या भरवशावर पाहिला होता. आता दिसलं की तिथे छतापासून साखळ्या लोंबतायत, वरून पाणी ठिबकतंय, आणि तो बिचारा टोपी काढून ते तोंडावर घेत उभा आहे. इतक्या निवांत माणसाला मारायचं म्हणजे फार झालं.

पण बाळूदादाचं भाषांतर. यानाचा कप्तान दिव्यांनी लुकलुकणाऱ्या एका खोलीत जाऊन टाइप करायला बसतो. त्या यानाच्या कॉम्प्युटरचं नाव 'मदर'. तेवढा एक शब्द बाळूदादाला कळला. "आयेक पत्र लिवता," त्याने जाहीर केलं. सात माणसांत बोनसच्या वाट्यावरून जी कुरबुर चालते, ती त्याच्या मते भाताला मीठ नसल्यामुळे होती. मांजरावर त्याचा पहिल्यापासून संशय.

आम्ही घाबरून चादरीत शिरलो की मात्र तो भाषांतर सोडून समजूत घालायला लागे. अंड्याच्या आत काहीतरी वळवळलं, तर म्हणाला, कुणीतरी आत हात घालून हलवतोय. तोंडाला चिकटणारा तो आठ बोटांचा प्राणी मेल्यावर उलटा करून टोचून बघतात, तिथे तर तो हसलाच. "अरे कालवां ती, कालवां! भियातंस कित्याक?" म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, त्यात घाबरायचं काय. पुढे त्यांच्यातल्याच एकाचं डोकं उडालं आणि आतून पांढरं काहीतरी वाहू लागलं, तेव्हा, "दूध आसा ता." आणि सगळ्यात शेवटी, शेपटीवाला तो काळा राक्षस उभा राहिला तेव्हा शांतपणे, "आतमधी माणूस आसा. उंच."

पुढे वीसेक वर्षांनी हा सिनेमा कसा बनवला ते वाचायला मिळालं आणि मी थक्क झालो. अंड्याच्या आत खरोखरच हात होते, खुद्द दिग्दर्शकाचे, रबरी हातमोजे घातलेले. टोचून पाहिलेल्या त्या प्राण्याच्या पोटात ताजी कालवं भरली होती, जोडीला मेंढीचा मूत्रपिंड. पांढऱ्या रसात दूध होतं. आणि एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने रेखलेल्या त्या राक्षसाच्या पोशाखात होता बोलाजी बडेजो, लंडनमध्ये शिकणारा नायजेरियन तरुण, उंची 6 फूट 10 इंच. कथेतलं एक अक्षर न कळलेल्या माणसाला चित्रीकरणाच्या जागेवर काय चाललं होतं ते बसल्या जागी दिसलं होतं. कालवं फोडत वाढलेल्या माणसाला कालवं ओळखू येणारच म्हणा.

एकाच जागी तो पुरता फसला. नायिका रिप्ली त्या लुकलुकत्या खोलीत जाऊन मदरला खोदून विचारते, आणि पडद्यावर कंपनीचा गुप्त हुकूम उमटतो: तो प्राणी परत आणा, बाकी सगळं दुय्यम, यानातली माणसं गेली तरी चालतील. आम्ही विचारलं, काय लिहिलंय? बाळूदादाने क्षणभर अक्षरांकडे पाहिलं. आईचं उत्तर आलं, म्हणाला. सगळी खुशाल आहेत, पाऊसपाणी चांगलं आहे.

न्यू जर्सीत ती अक्षरं भिंतीएवढी मोठी समोर आली. त्यांच्या आत कालवंही नव्हती आणि उंच माणूसही नव्हता. माझ्या बाजूला "भियातंस कित्याक" म्हणायला कुणी नव्हतं. लेकीने अंधारात माझ्याकडे पाहिलं आणि पॉपकॉर्नचा डबा पुढे केला. मला नको होता, पण मी घेतला.

मालवणला आम्ही शेवट पाहिलाच नव्हता. यान उडवून द्यायचं घड्याळ उलटं धावायला लागलं आणि लाइट गेली. सकाळी व्हीसीआर परत द्यायचा होता. त्या काळोखात, समुद्राची गाज ऐकत, बाळूदादाने सिनेमा तोंडी पुरा केला: रिप्ली मांजर घेऊन पळाली, पण तो राक्षस मांजरात शिरून बसला होता, आणि आता तो पृथ्वीवर यायला निघालाय. त्यानंतर महिनाभर आत्याच्या मनीला आमच्यापैकी कुणी शिवलं नाही.

खेळ सुटला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दहा, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. गाडीत बसून फोन लावला. बाळूदादा मासळीबाजारात होता. मागून कोयत्यांचे आवाज येत होते, कुणीतरी बांगड्याचा भाव पाडत होतं. सिनेमाचं नाव सांगितलं तर त्याला आठवेना. कालवांचं सांगितलं, तरी आठवेना. मग मांजराचं नाव काढलं.

"थांब रे जरा," तो कोळणीला म्हणाला की मला, कळलं नाही. मग आवाज खाली आणून, "ता माजरातच होता मा?"

लेक शेजारी बसून ऐकत होती. अर्ध्या तासापूर्वी तिने ते मांजर सुखरूप झोपी जाताना पाहिलं होतं.

"हो," मी म्हटलं. "मांजरातच होतं."