फ्रीझरमधला आइस्क्रीमचा डबा

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मोदकांच्या सारणासाठी नारळ काढायला फ्रीझर उघडला. इथे इंग्लंडात, शेफील्डमध्ये आम्ही नारळ फोडून खवत बसत नाही. केरळी दुकानातून गोठवलेला खवलेला नारळ आणतो आणि उरलेला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून खालच्या कप्प्यातला डबा त्यांनी काढला आणि झाकण उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत उंदराची वीस पिल्लं होती. गुलाबी, अंगावर केस न आलेली, बोटाच्या पेराएवढी, खड्यासारखी घट्ट.

त्या ओरडल्या नाहीत. डबा ओट्यावर ठेवून त्यांनी मला हाक मारली.

"अगं, हे काय ठेवलंयस? उद्या गणपती बसायचा, आणि त्याचं वाहन असं डब्यात?"

मला त्या रात्री धड उत्तर देता आलं नाही. ते पुढच्या काही महिन्यांत वाचून, विचारून, स्वतः जाऊन बघून गोळा केलं. तिकडच्या नातेवाइकांनी फोनवर निम्मंच ऐकलंय, म्हणून आज सगळं लिहिते.

माझ्या बारा वर्षांच्या मुलाकडे साप आहे. कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप. बिनविषारी, केशरी-तांबूस, पूर्ण वाढला की चार-पाच फूट. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. मक्याच्या कोठारात उंदीर येतात आणि उंदरांमागे हा येतो, म्हणून हे नाव, असं सांगतात. पोटावरची नक्षी रंगीत कणसाच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असंही कुणी म्हणतं. कोठाराची गोष्ट ऐकल्यावर सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपली धामणच की." त्या शिराळ्याकडच्या. कणगीमागे धामण दिसली की घरातली माणसं तिला वाट देत, मारत नसत, हे त्या सांगतात. त्यांच्या लहानपणी नागपंचमीला जिवंत नाग घरोघरी पूजेला येत. पुढे न्यायालयाच्या आदेशानं ते थांबलं. साप दूध पचवू शकत नाही, हे आता त्याच नातवाला समजावतात.

फरक एवढाच की धामण आपला उंदीर आपण शोधते. काचेच्या पेटीतल्या सापाला तो आणून द्यावा लागतो. आणि इथूनच तो सगळा व्यापार सुरू होतो.

सापाला कोंबडीचा तुकडा देऊन भागत नाही. त्याला अख्खा प्राणी लागतो. हाडांतून कॅल्शियम, यकृतातून अ जीवनसत्त्व, पोटातलं, कातडीचं, सगळं मिळून त्याचा आहार पूर्ण होतो. म्हणून दुकानात उंदीर मापानं विकले जातात. जन्मून एक-दोन दिवस झालेली ती पिंकी. अंगावर लव आली की फझी. डोळे उघडून टुणटुण उड्या मारू लागली, म्हणजे साधारण दोन आठवड्यांची, की हॉपर. तीन आठवड्यांनी आईपासून तुटलं की वीनर. मग लहान, मध्यम, मोठा, आणि त्यापुढे घुशीच्या वाटेनं जाणारे रॅट. नियम सोपा आहे: सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढं भक्ष्य. आमच्या आळीत पिंकी नावाच्या दोघी होत्या, एक माझी मैत्रीण. पाकिटावर तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी ते पाकीट पुन्हा शेल्फवर ठेवलं आणि मुलाला दुकानाबाहेर घेऊन आले. दुसऱ्या आठवड्यात परत गेलो, कारण साप उपाशी होता.

जिवंत उंदीर का देत नाही, हे तिकडून सगळे विचारतात. इंग्लंडमध्ये २००६ चा प्राणीकल्याण कायदा आहे, आणि त्याच्या चौकटीत जिवंत उंदीर पेटीत सोडणं समर्थनीय ठरवणं फार कठीण जातं. पण कायद्यापलीकडचं कारण मला जास्त पटतं. पेटीतून उंदराला पळायला जागा नसते. आणि सापाला त्या वेळी भूक नसेल तर घाबरलेला उंदीर सापालाच कुरतडतो. अशा जखमांचे साप पशुवैद्यांकडे येतात. म्हणून गोठवलेला उंदीर आणायचा, रात्री बंद डब्यात ठेवून त्याचा बर्फ उतरू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पिशवीसकट कोमट पाण्यात धरून ऊब आणायची आणि लांब चिमट्यानं सापापुढे हलवायचा. मायक्रोवेव्हमध्ये टाकायचा नाही, तो आतून शिजतो आणि फुटतो. आणि एकदा बर्फ उतरलेला पुन्हा गोठवायचा नाही.

मुलानं हिशेब मांडला. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मोठा झाल्यावर दर दोन आठवड्यांनी एक उंदीर धरला तरी वीस वर्षांत पाचशेच्या वर जीव. वहीत त्यानं तो आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मी त्याला गप्प बसू दिलं. बारा वर्षांच्या मुलाला हे कळणं मला आवश्यक वाटतं.

शेफील्डपासून डॉन्कास्टर जवळ आहे. तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांचा आणि पैदासकारांचा मोठा मेळावा भरतो. टेबलामागून टेबल, प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत साप, सरडे, आणि कडेला थंड पेट्या घेऊन बसलेले उंदीरविक्रेते. लोक महिन्याभराचा किराणा भरावा तसे पन्नास-शंभरचे गठ्ठे घेऊन जातात. मी प्रत्येक टेबलाजवळ दोन प्रश्न विचारले: हे कुठे वाढवले, आणि कसे मारले? एकानं नीट सांगितलं, इथेच, आमच्या शेडमध्ये, कार्बन डायऑक्साइडनं. दुसरा म्हणाला, "युरोपातून येतात." युरोप केवढं मोठं आहे! तिसऱ्यानं माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

मारण्याची बाब मी इथे टाळणार नाही. बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइडच वापरतात. तो वायू नाका-डोळ्यांच्या ओलसर त्वचेला लागला की त्याचं आम्ल बनतं आणि झोंबतं, त्यामुळे तो एकदम सोडायचा नसतो, हळूहळू वाढवायचा असतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्लं. गर्भातल्या कमी प्राणवायूला सरावलेली असल्यामुळे त्यांना या वायूनं मरायला मोठ्या उंदराच्या मानानं कितीतरी जास्त वेळ लागतो, अर्ध्या तासाहूनही अधिक. म्हणजे डब्यातल्या ज्या वीस पिंक्या बघून सासूबाईंना कसंसं झालं, त्यांचंच मरण सगळ्यांत लांबलेलं असण्याची शक्यता. हे वाचल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय: साप मोठा होईल तसतसं भक्ष्याचं माप वेळेवर वाढवायचं, स्वस्त पडतात म्हणून मुठीनं पिंक्या चारायच्या नाहीत. पाच पिंक्यांऐवजी एक मोठा उंदीर. आमचा साप आता हॉपरवर आलाय आणि मला त्याचं खरंच समाधान वाटतं.

आता तो "युरोप". इथे विकले जाणारे बरेच गोठवलेले उंदीर बाहेरून येतात, आणि त्यातल्या एका देशाचं नाव ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या कागदांत वारंवार येतं: लिथुआनिया. २०१५ पासून ब्रिटनमध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचे रुग्ण सापडू लागले, ज्यांच्या शरीरातल्या जंतूंची जनुकं एकमेकांशी जुळत होती. माग काढता काढता सापांना घालायच्या उंदरांपर्यंत पोचले. २०२१ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे ८५० वर गेली होती. त्यांत लहान मुलं खूप. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारनं लिथुआनियातून येणाऱ्या अशा उंदरांवर निर्बंध आणले: जंतू मारण्याची प्रक्रिया, म्हणजे किरणोत्साराचा मारा वगैरे, केल्याशिवाय आणायचे नाहीत. त्याआधीही हे घडलं होतं. २००८-०९ च्या सुमारास इथे अशीच साथ सुरू झाली, तिचे चारशेहून जास्त रुग्ण निघाले आणि उंदीर अमेरिकेतून गोठवून आलेले होते. अटलांटिक ओलांडून.

इतके रुग्ण होईपर्यंत लोकांच्या लक्षात का येत नाही, याचं कारण साधं आहे. गोठवलं म्हणजे जंतू मेले, असं आपण धरून चालतो. साल्मोनेला गोठल्यानं मरत नाही. तो थांबून राहतो. उंदीर आजारी दिसत नाही, साप आजारी पडत नाही, आणि ओट्यावर पडलेल्या पाण्याच्या एका थेंबातून तो कोथिंबिरीवर जातो.

हे सगळं मी वाचलं तेव्हा मला तो डबा आठवला. नारळाशेजारी, तसल्याच दुसऱ्या डब्यात, आइस्क्रीमचं चित्र असलेला. चूक माझी होती. त्या दिवशी सासूबाईंनी झाकण उघडलं, पिशवीला हात लागला, आणि मी आधी त्यांच्या नाराजीची काळजी करत बसले. हात धुवा म्हणायचं मला सुचलं नाही. त्यांनी स्वतःच साबणानं कोपरापर्यंत धुतले, सोवळ्याच्या सवयीनं. ओटाही त्यांनीच पुसला. मग नवा नारळ आणायला मला दुकानात पाठवलं. गणपती बसला, मोदक झाले, आणि आरतीनंतर त्या नातवाला म्हणाल्या, "साप ठेवलायस तर त्याला उपाशी मारायचं नाही. पण त्याचं जेवण आणि आपलं जेवण एका घरात नको रे बाळा."

पाच वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बाईला आणि वयस्कर माणसांना याचा धोका जास्त, हे तज्ज्ञही सांगतात. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत.

भारतात तुमच्यापैकी कुणाची मुलं इथले व्हिडिओ बघून हट्ट धरत असतील तर एवढं सांगते: आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, धामण असो की नाग, पाळता येत नाहीत. परदेशी अजगरासारखे, वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय यादीतले प्राणी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. आणि कायदा पाळूनही पेटीतल्या सापामागे त्या पाचशे उंदरांचा हिशेब येतोच. साप बघायचाच असेल तर मुलांना पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. तिथे सांगणारी माणसंही आहेत.

आम्ही गॅरेजमध्ये एक जुना छोटा फ्रीझर आणून ठेवलाय. फक्त उंदरांसाठी. त्याचा चिमटा, त्याचा टब, त्याचा वेगळा साबण तिथेच. मागवतो आता त्याच माणसाकडून, ज्यानं डॉन्कास्टरला माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली होती. थोडे महाग पडतात. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई परत येतील, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मुलानं परवा शाळेतून आल्यावर जाड मार्करनं पांढऱ्या पट्टीवर लिहून ती फ्रीझरच्या झाकणावर चिकटवली: "आज्जी, इथे उंदिर आहेत. उघडू नको, मला सांग." उंदीरची वेलांटी चुकलीय. मी ती तशीच राहू दिली आहे.