आखाजीचा डाव आणि द्राक्षासव

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी आमच्याकडे खानदेशात माणसं दोनच कामं करतात, एक तर पुरणपोळी-आमरस हाणून कूलरसमोर आडवं होणं नाहीतर पत्ते. आणि पत्ते म्हणजे पैसे लावूनच. वर्षभर ज्याने कधी रुपयाची पैज लावली नाही असा माणूसपण त्या दिवशी ओट्यावर मांडी घालून बसतो आणि घरातलं कोणी काही बोलत नाही, आखाजी आहे ना. बायकांना झोका आणि गौराईची गाणी. ही वाटणी माझ्या आजीच्याही आधीपासूनची, त्यामुळे यंदा माहेरी ओसरीवर बायका-माणसं सगळी एकत्र पत्ते घेऊन बसलेली बघून समोरचे नाना दारातच थबकले. म्हणे, हाऊ कसाना खेळ शे रे भो?

खेळ माझ्या पोराचा. पुण्याला ऑफिसात सिक्रेट सँटामध्ये कोणीतरी त्याला डबी दिलेली, वाईनवरच्या प्रश्नांचे पत्ते. राजा नाही राणी नाही, एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर, सगळं इंग्रजीत, तो वाचून मराठी करून सांगणार आणि आपण ठोकून द्यायचं. आता आमचं घर माळकरी. बाटली ह्या शब्दालाच घरात बंदी होती, त्याला कारण होतं, पण ते राहू द्या. तर वाईनबद्दल आमचं ज्ञान किती, सिनेमात हिरो ग्लास गोल गोल फिरवतो तेवढं. तो का फिरवतो हे पण एका पत्त्यात निघालं, वास मोकळा व्हावा म्हणून. भाऊ म्हणाला मी मठ्ठा तसाच फिरवतो, खालचं मीठ वर यायला.

पहिले चार-पाच पत्ते नुसता आनंद होता. मग प्रश्न आला की एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे द्राक्षमळे कशाने बसले आणि पुन्हा उभे कसे राहिले. भाऊ म्हणाला दुष्काळ. वहिनी म्हणाली गारपीट. आणि आतल्या खोलीतून, जिथे दोन तास नुसतं घोरणं ऐकू येत होतं, तिथून आवाज आला, "डॉगरिज!"

आमचे दाजी निफाडकडचे. द्राक्षबागेची खरड छाटणी चालू असताना ताईला सोडायला म्हणून आले आणि आमरसाच्या तिसऱ्या वाटीला गारद झाले होते. ते लुंगी सावरत बाहेर आले आणि जे सांगायला लागले ते पत्त्यावर लिहिलं होतं त्याच्यापेक्षा चांगलं होतं. पत्त्यावर एवढंच, की १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलॉक्सेरा नावाची बारीकशी कीड आली आणि ती मुळ्यांवर बसली, अमेरिकेतल्या वेलींना तिची सवय, फ्रान्सच्या वेली मात्र वाळत गेल्या, शेवटी अमेरिकन मुळावर फ्रेंच वेलीचं कलम केलं तेव्हा भागलं. दाजी म्हणे, मग आमचं काय वेगळं आहे, खाली मुळाला डॉगरिज ती पण अमेरिकेचीच, वर थॉमसन द्राक्ष. फक्त आम्ही किडीपायी नाही लावत, खारवट जमीन आणि पाण्याची बोंब म्हणून लावतो. आता उत्तर डॉगरिज नव्हतं, कीड आणि कलम असं होतं, त्यावर पोराने पॉइंट द्यायला खळखळ केली तर भाऊ उखडला. पाहुण्याचा पॉइंट कापतो का रे!

तिथून पुढे दाजी सुटले. लाल वाईनचा रंग कशाचा? सालीचा, बहुतेक काळ्या द्राक्षाचा रस तर पांढराच निघतो, पिळून बघा. वाईनचं द्राक्ष बारीक का? रस कमी साल जास्त, सगळा माल सालीत. हे सांगता सांगता ते मधेच गप्प झाले. म्हणे मी वीस वर्षं जीएमध्ये, त्या वाढीच्या औषधात, घड बुडवतोय, मणी फुगावा म्हणून, आणि तिकडे लहान राहावा म्हणून धडपड.

काकू तोपर्यंत एका बाजूला बसून नुसत्या सांजोऱ्या मोडून खात होत्या. पोरगा एका पत्त्यावर अडला, टॅनिनला मराठीत काय म्हणू, ते साल-बियांतून येतं, चहातपण असतं, जीभ कशीतरी होते. काकू म्हणाल्या, "तुरट म्हण ना. कच्च्या केळानं जीभ दाठरते तसं." संपलं. मला वाटतं ह्या पत्ते छापणाऱ्यांनी एकदा आमच्या केळीच्या पट्ट्यातल्या बायांना बसवायला पाहिजे होतं, निम्मे पत्ते वाचले असते.

शॅम्पेनच्या बाटलीत गाडीच्या टायरच्या अडीच-तीन पट प्रेशर असतं, हे पुतण्याला फार आवडलं. आणि शॅम्पेन म्हणायचं तर ती फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलीच पाहिजे, बाकी सगळ्या नुसत्या फेसाळत्या वाइनी, यावर आम्हाला कोणालाच नवल वाटलं नाही. बामणोदचं वांगं आणि बाजारातलं कुठलंही वांगं यात फरक नाही का? जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा हक्क, मिळालंच आहे की. दुसऱ्या पत्त्यावर होतं, १९७६ साली पॅरिसात नाव झाकून वाइनी चाखायला दिल्या, मार्क धरले ते सगळे फ्रेंच परीक्षकांचेच, तरी लाल आणि पांढऱ्या दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. भाऊ म्हणाला त्यांनी भरीत द्यावं आपल्याला नाव झाकून, बघू कोण चुकतं. (चुकेल. मी त्याला ओळखते.)

मग जॉर्जिया देशाचा पत्ता निघाला आणि माझं खेळातलं लक्ष गेलं. तिथे आठ हजार वर्षांपासून वाईन करतात, मोठाले मातीचे रांजण जमिनीत पुरून, तोंड बंद करून. मातीचं भांडं, तोंड बंद, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. आणि एकदम आजीचं फडताळ आठवलं.

आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशी निर्जळी, पिऊन आलेल्या माणसाची सावली ओट्यावर पडली तरी ओटा धुवायची. आणि त्याच आजीच्या फडताळात पोथीशेजारी एक तपकिरी बाटली, लेबलवर काळ्या द्राक्षाचा घड. द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी. वैद्यबुवा स्वतः करायचे, मनुका, गूळ, धायटीची फुलं, मडक्याचं तोंड कापडमातीने लिंपून महिनाभर ठेवून द्यायचं. आंबवण्याचं काम त्या फुलांचं. एकदा मे महिन्यात भरदुपारी मी आणि भावाने ती बाटली उतरवली, एक घोट तू एक घोट मी, गोड-तुरट, किंचित झिणझिण्या आणणारं, अर्ध्यावर आणली. पुढचं मला आठवत नाही. सांगतात ते असं की आम्ही दोघं गोठ्यात गव्हाणीत झोपलेलो सापडलो, गाल लाल, आणि सगळ्या घराने ठरवलं की पोरांना ऊन लागलं. तळपायाला कांद्याचा रस चोळला. आजी चोळत होती. आणि मला पक्कं आठवतंय, म्हणजे हे एवढंच आठवतंय, की तिने वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

हे मी ओसरीवर सांगितलं तर हसून हसून सगळे आडवे. पोरगा म्हणाला आई, ती वाईनच की. म्हणजे पणजी रोज वाईन प्यायची. ऐंशीच्या पुढची आत्या एकदम ताठ बसली, "दारू नही रे ती, दवाई शे."

शेवटचे दोन-तीन पत्ते उरले होते. पोराने वाचलं, उघडलेली लाल वाईनची बाटली किती दिवस चांगली राहते. भाऊ हसतच होता, हसता हसता बोलून गेला, आपल्याकडे उघडलेली बाटली उरली तर ना!

बोलला आणि त्याच्याच लक्षात आलं. काका गेले त्याला सोळा वर्षं झाली. कूलरचा आवाज तेवढा राहिला. वहिनी उगाच आंब्याच्या कोया गोळा करायला लागली.

काकूंनी पदराला हात पुसले, पोराच्या हातातला पत्ता घेऊन उलटा करून पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही. परत त्याच्या हातात दिला.

"किती दिवस मग?"

"तीन ते पाच," तो म्हणाला.

"बरं. पुढचा वाच."