शेणसड्यापासून मोक्षापर्यंत: ओडिशाची नृत्ये

ओडिशाच्या नृत्यांविषयी लिहिताना ओडिसीला शास्त्रीय म्हणून वेगळे काढायचे आणि उरलेल्यांना लोकनृत्य म्हणून एका दमात उरकायचे, ही रीत मला पटत नाही. ओडिसीच्या घडणीकडे नीट पाहिले तर ही विभागणी टिकत नाही.

ओडिसीचा आज रंगमंचावर दिसणारा मंगलाचरण, बटू, पल्लवी, अभिनय आणि मोक्ष हा क्रम काही मंदिरातून जसाच्या तसा आलेला नाही. १९५८-५९च्या सुमारास कटकमध्ये ‘जयंतिका’ या नावाने एकत्र आलेल्या गुरूंनी आणि अभ्यासकांनी तो बसवला. त्यांच्यापैकी पंकजचरण दास हे माहारींच्या, म्हणजे जगन्नाथ मंदिरात नृत्यसेवा करणाऱ्या स्त्रियांच्या, घरात वाढलेले होते. तर केलुचरण महापात्र (१९२६–२००४) हे पुरीजवळच्या रघुराजपूरचे, आणि लहानपणी गोटिपुअ, म्हणजे मुलीचा वेष घेऊन नाचणारा मुलगा, म्हणून तयार झालेले. ज्यांना आपण शास्त्रकार मानतो, त्यांच्या अंगात गावचे नृत्य आधीच मुरलेले होते.

उत्तर ओडिशातल्या मयूरभंजच्या छाऊ या युद्धकलेतून आलेल्या नृत्याकडे पाहिले की हे अधिकच जाणवते. झारखंडमधल्या सराइकेला आणि पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या छाऊत मुखवटे असतात, मयूरभंजमध्ये नसतात. तरीही चेहरा जवळजवळ स्थिर ठेवून सारा आशय शरीराने, विशेषतः पायांनी मांडायचा असतो. आपल्याकडच्या फरी-गदग्याशी नाते सांगणारा ढाल-तलवारीचा ‘फरीखंडा’ हा त्याचा पाया. त्यावर चालींचे ‘टोपका’ आणि हालचालींच्या ‘उफली’ येतात, आणि या उफलींनी मला कायमचे जिंकले आहे, कारण त्यांतल्या कितीतरी थेट घरकामातून उचललेल्या आहेत. शेण गोळा करणे, ते पाण्यात कालवणे, अंगणात सडा घालणे, भांडी घासणे, कपाळी शेंदूर लावणे! एका पायावर तोल सावरून नर्तक दुसऱ्या पायाने शेण कालवतो, तेव्हा गुडघा, घोटा आणि चवडा यांचे जे नियंत्रण लागते ते कोणत्याही शास्त्रीय नृत्यापेक्षा तसूभरही कमी नाही. बाईने रोज सकाळी करायचे काम पुरुष नर्तकांनी ढाल-तलवारीच्या तालमीत आणून बसवले, याचे मला आजही नवल वाटते. हल्ली मुलीही हे नृत्य शिकतात, आणि ते योग्यच झाले.

पश्चिम ओडिशातला दसऱ्याच्या दिवसांतला डालखाई हा ढोल, निसान हे नगाऱ्यासारखे वाद्य आणि सनईसारख्या मुहुरीच्या साथीने रंगणारा मुलींचा नाच. त्यावर खरे तर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

मुंबईत केलुचरणजींच्या शिष्या झेलम परांजपे यांनी १९८९मध्ये ‘स्मितालय’ ही संस्था सुरू केली आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले गणितही ओडिसीतून मांडले, त्यामुळे मराठी प्रेक्षकांना ओडिसी अनोळखी नाही. छाऊला मात्र तेवढे भाग्य लाभले नाही. १९४९मध्ये मयूरभंज संस्थान ओडिशात विलीन झाले, राजाश्रय संपला, आणि २०१०मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आले तरी गावोगावच्या आखाड्यांचा खर्च त्याने भागत नाही. एप्रिलच्या मध्याला मयूरभंजचे मुख्य ठिकाण असलेल्या बारीपदाच्या चैत्रपर्व या छाऊ-उत्सवात उत्तर साही आणि दक्षिण साही या दोन पथकांची चुरस रात्रभर चालते. ओडिसी आवडणाऱ्यांनी पुरी-कोणार्कच्या सहलीला एप्रिलमध्ये निघावे आणि एक रात्र बारीपदासाठी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.