तुम्ही विचारलंत म्हणून: रबरी राक्षसात एवढं बघण्यासारखं काय असतं?

भयपटांची आवड आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भीती नाही का वाटत?" ओळख वाढली की दुसरा येतो, आणि तो जास्त खरा असतो: "तो रबराचा आहे हे दिसतं, आत माणूस आहे हे कळतं, तरी तोच प्रसंग तुम्ही दहादा का बघता? आणि ती अक्राळविक्राळ चित्रं जमवून काय मिळतं?" पहिल्याचं उत्तर एका ओळीत संपतं. पहिल्यांदा बघताना वाटते, पाचव्यांदा वाटत नाही. दुसऱ्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण यात जे खरं बघण्यासारखं आहे ते भीती ओसरल्यावरच दिसू लागतं.

चांगल्या राक्षसाच्या अंगावर काहीही उगाच नसतं. डोकं असं का, डोळे का नाहीत, कातडी एवढी खडबडीत का, याची उत्तरं घडवणाऱ्यानं आधीच शोधलेली असतात. सिनेमात ती कुणी बोलून दाखवत नाही, पण आकृतीत ती मुरलेली असतात आणि बघणाऱ्यापर्यंत नकळत पोचतात. ज्याच्यावर नुसते दात, काटे आणि शेपट्या लादल्या आहेत तो राक्षस पहिल्या दर्शनातच संपतो.

१९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस घ्या. रंगभूषाकार जॅक पिअर्सनं स्वतःला विचारलं की प्रेतांचे तुकडे जोडणारा हा शास्त्रज्ञ मेंदू कवटीत बसवणार कसा? तो काही निष्णात शल्यविशारद नाही, तो सोपा मार्ग धरेल. डब्याचं झाकण काढावं तशी कवटी वरून आडवी कापेल, मेंदू आत ठेवेल आणि झाकण पुन्हा बसवेल. म्हणून ते कपाळ उंच आणि माथा सपाट. मानेच्या दोन बाजूंना असतात ते खिळे किंवा बोल्ट नव्हेत, वीज शरीरात शिरण्यासाठी ठेवलेली टोकं आहेत. कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड ठेवल्या, त्यामुळे हात नको तितके लांब वाटतात. राक्षस साकारणाऱ्या बोरिस कार्लॉफनं तोंडातला दातांचा ब्रिज, म्हणजे बसवलेले कृत्रिम दात, काढून ठेवला आणि एक गाल आत ओढला गेला. पापण्यांवर मेण चढवलं आणि नजर अर्धमेली झाली. तयार तुकडे चिकटवायची सोय तेव्हा नव्हती. ते कपाळ रोज नव्यानं, कापूस आणि कोलोडियन (सुकल्यावर पातळ पापुद्रा धरणारा चिकट द्रव) यांचे थर देत उभं करायचे. या रंगभूषेला सुमारे ४ तास लागायचे. चेहऱ्याला लावलेला हिरवट करडा रंगही कॅमेऱ्यासाठी होता, कृष्णधवल फिल्मवर तो प्रेताच्या कातडीसारखा फिकट उमटायचा. आज जो तो हा राक्षस गडद हिरवा रंगवतो. त्या रंगाचं मूळ काम काय होतं हे माहीत असलं की चित्र काढणारा हिरवा रंग थोडा जपून वापरतो.

१९५४ हे वर्ष या विषयात विशेष आहे. त्या वर्षी दोन पोशाख पडद्यावर आले आणि दोन्ही अजून टिकून आहेत. पहिला 'क्रिचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मधला कल्लेवाला माणूस. त्याची रचना मिलिसेंट पॅट्रिक यांची, पण श्रेयनामावलीत नाव फक्त विभागप्रमुख बड वेस्टमोर यांचं. हा प्राणी ज्याला आवडतो त्यानं तिचं नाव घेतलंच पाहिजे. जमिनीवरच्या दृश्यांत पोशाखात बेन चॅपमन होते, पाण्याखालच्या दृश्यांत रिकू ब्राउनिंग. ब्राउनिंग हवेची टाकी न वापरता श्वास रोखून पोहायचे आणि मधे नळीतून हवा घ्यायचे. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या तोंडून बुडबुडे निघाले असते तर सगळंच फसलं असतं. पुढच्या वेळी ती पोहण्याची दृश्यं बघाल तेव्हा पाण्याकडे लक्ष द्या.

दुसरा गॉडझिला. त्याच्या कातडीवर खवले नाहीत, वेड्यावाकड्या उंचवट्यांच्या ओळी आहेत. अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या अंगावर राहिलेल्या व्रणांवरून ती कातडी सुचली असं सांगितलं जातं, आणि ते एकदा कळल्यावर त्या पोशाखाकडे खेळणं म्हणून बघता येत नाही. पहिला पोशाख जवळजवळ १०० किलोचा, आत नट हारुओ नाकाजिमा. त्याच्या चालीतलं जडपण बरंचसं खरंच होतं. डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी घडवली: डबल बास या व्हायोलिनसारख्या भल्यामोठ्या वाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला आणि तो आवाज ध्वनिमुद्रणात मंद केला.

इथे थोडं गणित सांगतो, कारण "हे खोटं वाटतं" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच गणित चुकलेलं असतं. प्रचंड वस्तू संथ पडताना दिसते. म्हणजे ती पडते त्याच वेगानं, पण तिला अंतर जास्त कापायचं असतं. १ मीटरवरून पडलेला दगड अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो, २५ मीटरवरून पडलेल्याला सव्वादोन सेकंद लागतात. अंतर २५ पट, वेळ ५ पट, म्हणजे वर्गमूळाइतका. म्हणून इमारतीची प्रतिकृती १/२५ मापाची असेल तर कॅमेरा नेहमीच्या २४ ऐवजी सेकंदाला १२० चौकटींनी (फ्रेम्सनी) फिरवावा लागतो, तेव्हा कोसळणारी भिंत मोठी वाटते. पण चौकटी ५ पट झाल्या की प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश एकपंचमांश होतो. शिवाय छोटी वस्तू जवळून टिपताना मागचं धूसर होऊ नये म्हणून भिंगाचं छिद्र आणखी लहान करावं लागतं. मग दिव्यांवर दिवे वाढतात, रबराच्या आत उष्णता वाढते आणि आतला माणूस काही मिनिटांतच हैराण होतो. संथ चाल, झगझगीत दिवे आणि घामाघूम नट ही एकाच साखळीची कडी आहेत. गणित पाळूनही दोन गोष्टी दगा देतात, पाणी आणि आग. थेंबाचा आणि ज्वाळेच्या जिभेचा आकार प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही, त्यामुळे समुद्र हौदातला आहे हे फेसावरून ओळखू येतं.

पोशाखाऐवजी स्टॉप मोशन, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चौकट टिपण्याची पद्धत, वापरलं की अडचण उलट होते. बाहुली प्रत्येक चौकटीत स्थिर असते, त्यामुळे हलत्या वस्तूला कॅमेऱ्यात जो पुसटपणा येतो तो येत नाही आणि हालचाल तुटक दिसते. १९८१च्या 'ड्रॅगनस्लेअर'मध्ये कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच मोटारींनी बाहुली किंचित हलवून तो पुसटपणा आणला. तरी मला जुना तुटकपणा आवडतो. १९६३च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये सात सांगाडे लढतात तो प्रसंग बाहुल्या हलवणाऱ्या रे हॅरीहाउझेन यांना साडेचार महिने पुरला. सांगाड्यांच्या हालचालीतला झटका सांगाड्यांनाच शोभतो, त्यांना मांसाचा मऊपणा नसतोच. १९३३च्या 'किंग काँग'मध्ये काँगच्या बाहुलीवरच्या सशाच्या कातडीची लव चौकटीगणिक सळसळते, ती बाहुली हलवणाऱ्यांच्या बोटांमुळे. तांत्रिकदृष्ट्या तो दोष आहे. पडद्यावर मात्र संतापलेल्या प्राण्याचे केस उभे राहिल्यासारखं दिसतं.

राक्षस किती दाखवायचा, हा वेगळा प्रश्न. १९७५च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बंद पडायचा, म्हणून तो बराच वेळ दिसत नाही आणि त्याचं नसणंच काम करतं. यावरून "न दाखवणंच उत्तम" असा नियम अनेकजण काढतात. मला तो पटत नाही. १९८१च्या 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये माणसाचा लांडगा होतो तो भरपूर उजेडाच्या खोलीत. रंगभूषाकार रिक बेकरनं ताणली जाणारी डोकी आणि हात वेगवेगळे बनवले. केस उगवताना दाखवायला आधी रोवलेले केस कातडीतून मागे ओढले आणि चित्रण उलटं चालवलं. रंगभूषेचं पहिलं नियमित ऑस्कर याच कामाला मिळालं. लपवलेला राक्षस कल्पनेवर चालतो, उजेडात आणलेला कारागिरीवर. कारागिरी कच्ची असेल तरच अंधार घ्यावा.

स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी १९७९च्या 'एलियन'साठी घडवलेल्या प्राण्याला डोळे दिसतच नाहीत. तो कुठे बघतोय हे कळत नाही, म्हणून पळायचं कुठे हेही कळत नाही. पोशाखात दोन मीटरहून उंच आणि सडपातळ बोलाजी बादेजो होते, त्यामुळे आतल्या माणसाचं प्रमाणच ओळखू येत नाही. रबरी पोशाखाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माणसाचे गुडघे आणि खांदे. ते लपले की अर्धं काम झालं.

आता चित्रांबद्दल. 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या मासिकासाठी बेसिल गोगोस यांनी १९६०पासून मुखपृष्ठं रंगवली. समोर बहुतेकदा कृष्णधवल फोटो असायचा, म्हणजे रंग सगळे त्यांच्या मनातले. चेहऱ्याच्या एका बाजूला लाल किंवा नारिंगी प्रकाश, दुसऱ्या बाजूला निळा किंवा हिरवा. हा नुसता भडकपणा नाही. दोन्हीकडून प्रकाश आला की मधोमध एक काळपट पट्टा उरतो, आणि सुरकुती, व्रण, खवले हे सगळं त्या पट्ट्याच्या काठावरच उठून दिसतं. भर उजेडात पोत पुसला जातो, भर अंधारात बुडतो. समोरून एकच दिवा लावून रंगवलेला राक्षस सपाट दिसतो तो यामुळे. याच्या अगदी उलट टोकाला चित्रकार ड्रू स्ट्रुझन यांचं १९८२च्या 'द थिंग'चं पोस्टर आहे. त्यांनी ते एका रात्रीत रंगवलं. बर्फात उभा माणूस, आणि टोपीच्या आत चेहऱ्याच्या जागी फुटलेला प्रकाश. राक्षसाचा एकही अवयव न काढता तो कुणाच्याही रूपात येऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी सांगून टाकली.

"आपण स्वतः काही करून बघायचं असेल तर?" हेही बरेचजण विचारतात. मुखवटा करायचा असेल तर ओतीव लेटेक्सपासून (साच्यात ओतायच्या पातळ रबरापासून) सुरुवात करा, फेटून फेस आणायच्या आणि भट्टीत भाजायच्या फोम लेटेक्सच्या मागे लगेच लागू नका. फोममध्ये चार घटक वजन करून फेटावे लागतात, हवेतल्या उष्म्यानं आणि ओलाव्यानं त्याचा घट्ट व्हायचा वेळ बदलतो आणि सगळा घाणा वाया जातो. ओतीव लेटेक्स सोसून घेतं. मातीत शिल्प करा, हवं त्यापेक्षा किंचित मोठं, कारण लेटेक्स सुकताना आकसतं. त्यावर प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्या. साचा पूर्ण वाळू द्या, इथे घाई नडते. कोरडं प्लास्टर लेटेक्समधलं पाणी शोषतं म्हणूनच भिंतीला थर धरतो. ओल्या साच्यात थर धरतच नाही. आतून तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलानं लेटेक्स चिकट होऊन सडतं. साचा काठोकाठ भरा, अर्धा ते पाऊण तास ठेवा, उरलेलं परत ओतून घ्या आणि किमान एक दिवस वाळू द्या. काढण्याआधी आतून भरपूर पावडर मारा. लेटेक्सचा पृष्ठभाग स्वतःलाच चिकटला की सुटत नाही आणि तिथेच फाटतो. लेटेक्समध्ये अमोनिया असतो, खिडकी उघडी ठेवा. काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते, चेहऱ्यावर चढवण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला तपासून बघा. वर नुसता ॲक्रिलिक रंग दिला तर पहिल्या घडीलाच तडकतो. रंग लेटेक्समध्ये कालवून किंवा लवचीक गोंदात मिसळून पातळ थरांनी द्या.

कागदावर करायचं असेल तर आधी अंगठ्याएवढी आकृती पूर्ण काळी भरा. तेवढ्यावरून तो कोण आणि कोणत्या मनःस्थितीत आहे हे कळलं नाही, तर पुढे कितीही खवले काढलेत तरी कळणार नाही. मग जबड्याची बिजागरी कुठे आहे ते ठरवा. बहुतेक नवख्यांची चित्रं इथे फसतात: तोंड कानापर्यंत उघडतं, पण ते मिटणार कसं याचा विचारच नसतो. प्रकाशाच्या दिशा दोनच घ्या, त्यातली एक ठळक. पोत फक्त उजेड आणि सावलीच्या सीमेवर भरा, बाकी मोकळं सोडा. मोठेपणा दाखवायचा असेल तर खवले बारीक आणि पुष्कळ काढा. मोठाले आणि मोजके काढलेत तर राक्षस पालीएवढा दिसतो. दात सर्वांत शेवटी, आणि पांढऱ्या रंगानं नाही. पिवळट करडा घ्या, हिरड्यांपाशी तपकिरी करा. पांढऱ्याचा एकच ठिपका ठेवा, जिथे लाळ चमकते तिथे.