विंडोजमध्ये काही केल्या डिलीट न होणाऱ्या फाइल्स कशा काढल्या, माझा अनुभव

एक्स्टर्नल हार्ड डिस्क साफ करायला घेतली आणि एका फोल्डरमधल्या फाइल्स काही केल्या हटेनात. फाइल डोळ्यासमोर दिसतेय, सिलेक्टही होतेय, पण डिलीट दाबलं की मेसेज येतो 'कुड नॉट फाइंड धिस आयटम'. रिनेम करायला गेलं तरी तेच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून करून बघितलं, सेफ मोडमध्ये बघितलं, फाइलचं लॉक सोडवणारं एक सॉफ्टवेअरही चालवलं, पण फाइल मुळात लॉक नव्हतीच तर ते तरी काय करणार.

ही डिस्क मधे लिनक्सवर वापरली होती आणि अडलेल्या सगळ्या फाइल्स तिथेच तयार झालेल्या. नावं नीट बघितली तर एकीच्या शेवटी टिंब, एका फोल्डरच्या शेवटी स्पेस, एकीचं नाव नुसतंच 'एयूएक्स', आणि रेकॉर्डिंगच्या फाइल्समध्ये 10:30 अशी वेळ, कोलनसकट.

घोळ असा होतो की एनटीएफएसला (डिस्कवर फाइल्स साठवायची विंडोजची पद्धत, माझी डिस्क त्यातच आहे) स्वतःला शेवटचं टिंब चालतं, पण विंडोजमध्ये फाइल मागितली की नाव खाली पोचायच्या आधीच शेवटचं टिंब आणि स्पेस कापली जाते. म्हणजे आपण मागतो 'नोट्स.' आणि शोधली जाते 'नोट्स', ती तिथे नसते म्हणून सापडत नाही. आणि शेजारी खरंच टिंब नसलेली 'नोट्स' असेल तर भलतीच फाइल उडू शकते, म्हणून आधी तेवढं बघून घ्या प्लीज. एयूएक्स, सीओएन, पीआरएन, एनयूएल ही नावं तर डॉसच्या काळापासून डिव्हाइससाठी राखीव आहेत.

आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिर'ला, म्हणजे फाइल्सची यादी दाखवणाऱ्या कमांडला, स्लॅश एक्स लावून बघितलं. त्यात फाइलचं जुन्या पद्धतीचं 8.3 छोटं नाव (जास्तीत जास्त आठ अक्षरं, टिंब, मग तीन) दिसतं आणि ते असेल तर त्याच नावाने डिलीट करता येतं. माझ्या फाइल्सपुढे तो कॉलम रिकामा. मग पूर्ण पाथच्या आधी \\?\ ही चार चिन्हं लावली, याने नावाची काटछाट होत नाही, जसं लिहिलं तसं थेट एनटीएफएसकडे जातं. सगळा पाथ डबल कोट्समध्ये, आणि ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लिहायचा, अर्धा चालत नाही:

डेल "\\?\ई:\जुना डेटा\नोट्स."

एंटर मारलं आणि फाइल गेली! एयूएक्सवाली पण तशीच गेली, स्पेसवाल्या फोल्डरला 'आरडी स्लॅश एस' (फोल्डर आतल्या सगळ्यासकट काढणारी कमांड) वापरलं, कोट बंद करायच्या आधी ती स्पेस टाइप करायला मात्र विसरायचं नाही.

कोलनवाल्या फाइल्स तरीही हटल्या नाहीत, कारण एनटीएफएसमध्ये कोलनला वेगळाच अर्थ आहे, त्याच्या पुढचं सगळं फाइलच्या आतल्या दुसऱ्या स्ट्रीमचं, म्हणजे डेटाच्या वेगळ्या कप्प्याचं, नाव समजलं जातं. प्रश्नचिन्ह किंवा स्टार असलेल्या नावांनाही ही चार चिन्हं पुरत नाहीत. अशा वेळी सरळ फॉरमॅट मार असं सांगणारे खूप भेटतात, पण चार फाइल्ससाठी बाकीचा सगळा डेटा हलवायचा हे मला अजिबात पटत नाही.

डिस्क इजेक्ट करून परत लिनक्सला लावली. साधी नावं 'आरएम'ने, म्हणजे लिनक्सच्या डिलीटच्या कमांडने, गेली. एका नावात काय चिन्ह आहे तेच कळत नव्हतं, मग नावाचा नादच सोडला, 'एलएस'ला (लिनक्सची यादी दाखवणारी कमांड) मायनस एलआय लावून डावीकडे येणारा आयनोड नंबर, म्हणजे फाइलचा डिस्कवरचा ओळख क्रमांक, घेतला आणि 'फाइंड'ला मायनस आयनमने तो नंबर दिला. आधी नुसतं शोधायला लावलं, तीच एक फाइल येतेय ना बघितलं आणि मगच शेवटी मायनस डिलीट जोडलं. ही घाई न करण्याची जागा आहे, डिलीट झाल्यावर विचारणारं कोणी नसतं.

आता लिनक्सवर ही डिस्क एनटीएफएस-3जीने (लिनक्सला एनटीएफएस वाचू-लिहू देणारा ड्रायव्हर) माउंट करताना, म्हणजे जोडून घेताना, मी 'विंडोज अंडरस्कोर नेम्स' हा ऑप्शन देते. विंडोजला न चालणारं नाव दिलं तर फाइल तयारच होत नाही, तिथल्या तिथे एरर येते आणि मग मी रेकॉर्डिंगचं नाव 10-30 असं करून सेव्ह करते.